दोन फेरे

चावी डावीकडे फिरू लागली आणि नरेंद्र तांबे टाचा उंचावून बघू लागला. रस्त्यावर दोनेकशे माणसं होती. निम्मी संपावरची, पंचवीसेक पोलीस, बाकीची तमाशा बघायला थांबलेली. पण एवढ्या गर्दीत ती चावी चुकीच्या बाजूला फिरतेय हे कळणारा माणूस एकच होता, आणि तो संपावर होता. अंबरनाथ पूर्वेला, बदलापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला पाणीखात्याच्या मोठ्या लाइनीचं चेंबर उघडलं होतं. झाकण बाजूला सरकवलेलं, आत माणूसभर खोल खड्डा, तळाशी व्हॉल्व, आणि त्याच्या डोक्यावर बसवलेली, वर उभ्या माणसाच्या छातीपर्यंत येणारी लोखंडी चावी. तिच्या आडव्या दांड्याला दोन बाजूंनी दोन माणसं जुंपली होती. कंत्राटदाराने सकाळीच उल्हासनगरहून टेम्पोत घालून आणलेली, अंगात नवी कोरी पिवळी जॅकेटं, पायांत चपला. त्यांच्या शेजारी हातात नकाशाची गुंडाळी घेऊन किर्ती मॅडम उभ्या होत्या. खात्याच्या इंजिनीअर, बदलून येऊन सहा महिनेही झाले नव्हते. व्हॉल्व उघडायचा म्हणजे चावी डावीकडे फिरवायची, हे साऱ्या जगात खरं आहे. त्या माणसांचं काही चुकत नव्हतं. चुकत होता तो व्हॉल्व, आणि तो गेली पन्नास वर्षं असाच चुकत आला होता.

तो उलटा होता. ओतशाळेतूनच तसा आला होता म्हणे, आणि बसवल्यानंतर कळलं, तोवर वरून रस्ता झाला होता. उजवीकडे फिरवला की उघडायचा, डावीकडे फिरवला की बंद व्हायचा. कुणीतरी चेंबरच्या भिंतीवर चुन्याने बाण काढून ठेवला होता, तो नरेंद्र नोकरीला लागला तेव्हाच पुसट झाला होता. नकाशावर तो कधी चढलाच नाही. एका व्हॉल्वमनने दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, असं ते ज्ञान चालत आलं. नरेंद्रला शिवराम नावाच्या म्हाताऱ्या व्हॉल्वमनने सांगितलं होतं, खांद्यावर थाप मारून, "हा आपला जावई आहे, याची तऱ्हा निराळी." नरेंद्रने पुढे कुणाला सांगायचं? त्याच्यानंतर कायमचा व्हॉल्वमन भरलाच नाही. संप त्यासाठीच तर होता. बेचाळीस माणसं दहा-दहा वर्षं कंत्राटावर राबत होती, त्यांना कायम करा. मागणी एवढीच, आणि तिला आज चौथा दिवस. चार दिवसांत कुणी कुणाशी बोललं नव्हतं. वरच्या साहेबांनी ऑफिसच्या दाराला नोटीस डकवली, संघटनेने तिच्यावर आपली नोटीस डकवली, आणि त्या दोन कागदांचं जे काही आपसात बोलणं झालं असेल तेवढंच.

पहिला फेरा पुरा झाला. नरेंद्रने मोजला. त्याला न मोजता येतच नसे. लोक चालताना पावलं मोजत नाहीत, पण जिना उतरताना शेवटची पायरी पायाला कळते, तसे त्याच्या मनगटांना फेरे कळत. हा व्हॉल्व अठ्ठावीस फेऱ्यांचा. संपाच्या पहिल्या दिवशी त्यानेच तो बंद केला होता, सगळ्यांच्या देखत. साईनाथ, संघटनेचा नवा अध्यक्ष, मोबाइल उंच धरून सगळ्यांना लाइव्ह दाखवत होता, "बघा मित्रांनो, तांबेकाका, तेहतीस वर्षं सर्व्हिस, आज स्वतःच्या हाताने पाणी बंद करतायत!" आणि नरेंद्रने घामाघूम होऊन सव्वीस फेरे मारले होते आणि चावी काढून घेतली होती. सव्वीस. दोन ठेवले होते. तेच दोन आता हे पिवळ्या जॅकेटवाले, उघडतोय उघडतोय म्हणत, बंद करत होते. त्यातला एक झाला होता.

त्या दोन फेऱ्यांना नाव नव्हतं आणि ते कुठल्या कागदावर नव्हते. पहिला संप झाला त्र्याण्णव साली, तेव्हा नरेंद्रला नोकरीत दोनच वर्षं झाली होती. संघटनेचे पुढारी होते विष्णुपंत. धोतर, खादीचा सदरा, आवाज असा की मेगाफोन लाजावा. त्यांनी हुकूम सोडला, मेन लाइन बंद. नरेंद्र चावी घेऊन या चेंबरपर्यंत आला आणि त्याचा हातच चालेना. त्याचा आजा माणगावकडच्या गावात ओंजळ धरून दुसऱ्याने वरून पाणी ओतायची वाट बघत वाढला होता, आणि तरणा झाल्यावर महाडच्या तळ्यावर चालत गेला होता. बाप, किसन तांबे, दारूगोळ्याच्या कारखान्यात लागला आणि क्वार्टर मिळालं. घरात नळ होता. पहिल्या दिवशी बाप त्या नळासमोर पाट मांडून बसला. नळ सोडला, बंद केला, सोडला, बंद केला. आई ओरडली, पाणी वाया जातंय. बाप म्हणाला, "वाया नाय जात. बघतोय मी." मग नरेंद्रला व्हॉल्वमनची नोकरी लागली त्या दिवशी बापाने त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि उलटेपालटे करून नुसते पाहिले. आपल्या पोराच्या या हातांत आता गावाच्या पाण्याची चावी. बोलला एकच वाक्य, "बंद करणारा हात आपला नको रे." आता व्हॉल्वमनने व्हॉल्व बंद करायचा नाही म्हणजे काय करायचं, हे काही बापाला सुचलं नव्हतं.

म्हणून त्र्याण्णव साली त्याने सव्वीसच फेरे मारले, आणि तसाच विष्णुपंतांपुढे जाऊन उभा राहिला. म्हणाला, पंत, दोन ठेवलेत, काय करायचं ते करा माझं. पंतांनी चष्मा काढून पुसला. "दोन फेऱ्यांत कुठवर जातं?" नरेंद्र म्हणाला, जोर नसतो, चढावर चढत नाही. वरच्या सोसायट्यांना थेंब नाही. उताराला जातं. खालच्या चाळी, सरकारी दवाखाना, आणि शेवटाला खालचा पाडा. पंतांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "बोंब मारणारे सगळे वरच राहतात. बंद आहे म्हणायचं." तेवढ्यावर ठरलं. आणि दुसऱ्या दिवशी खात्याचे इंजिनीअर टिपणीस साहेब चेंबरपाशी फिरत आले. मोटारीतून उतरले, झाकणापाशी उकिडवे बसले, चावीच्या दांड्याला कान लावला. साहेब उठले, पँट झटकली आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, "तांबे, हा व्हॉल्व नीट बंद होत नाही वाटतं." "जुना झालाय साहेब." "हं. राहू दे जुनाच." त्यानंतर व्हॉल्व बदलायचा प्रस्ताव चार वेळा आला आणि टिपणीसांनी चारही वेळा तो फाइलीत दाबून ठेवला.

नरेंद्रला पुढे आयुष्यभर ज्याचं नवल वाटत राहिलं, ते हे. कुणीही कुणाला वचन दिलं नव्हतं, सही नव्हती, साक्षीदार नव्हता. दिवसभर पंत गेटवर उभे राहून टिपणीसांच्या नावाने शिमगा करत, आणि तो खोटा नसे. टिपणीस पगार कापायचे कागद काढत, तेही खरेच कापत. आणि संपाच्या पाचव्या-सहाव्या दिवशी दोघं निरनिराळ्या रिक्षांनी उल्हासनगरला जात, चार नंबर कॅम्पात एका सिंध्याच्या टपरीवर दाल-पकवान खायला, कारण तिथे अंबरनाथचं कुणी ओळखीचं भेटत नसे. एकदा नरेंद्र पंतांची पिशवी घेऊन सोबत गेला होता. टिपणीस तोंडातला घास गिळून म्हणाले, "पंत, माझा पुतळा जाळता ते जाळा, पण त्याला टाय कशाला घातलात? मी जन्मात कधी टाय घातलाय?" पंत ओशाळले, म्हणाले, "पोरांचं काम हो. पुढच्या वेळी लक्ष ठेवतो." मग पकवानाचे तुकडे मोडत मोडत त्यांनी तो संप मिटवला. या बाजूचं थोडं, त्या बाजूचं थोडं. परतताना पंत रिक्षात म्हणाले होते, "उद्या गेटवर मी म्हणणार, आपण जिंकलो. तोही वर जाऊन तेच म्हणणार. दोघांनाही म्हणता आलं पाहिजे, तरच मिटतं." नरेंद्रला तेव्हा त्यात विशेष वाटलं नव्हतं. हवेसारखं होतं ते, आपोआप असणारं. हवा असते हे कळतं कधी, तर ती नसते तेव्हा. पंत गेले, टिपणीस निवृत्त होऊन मुलाकडे बडोद्याला गेले, आणि संघटनेच्या बॅनरवर पंतांचा फोटो आला. आता त्याच बॅनरखाली नरेंद्र उभा होता.

दुसरा फेरा. चावी अडखळली आणि थांबली. खाली लोखंडावर लोखंड बसल्याचा आवाज आला, अगदी हलका, दार ओढून घेतल्यासारखा. कुणाला ऐकूही गेला नसेल. नरेंद्रच्या टाचांपर्यंत तो गेला. रस्त्याखालून सतत काहीतरी जात असतं, पायाला सवय झालेली असते. तेहतीस वर्षांत त्याने चावीच्या दांड्याला कान लावून काय काय ऐकलं होतं. गळती चिडून फुसफुसते. भरलेली लाइन गप्प असते, घरातल्या मोठ्या माणसासारखी. आणि पहाटे साडेपाचला, सगळीकडे नळ सुटले की एक घुमणारा आवाज येतो, त्यात एक अख्खं गाव चूळ भरत असतं, चहाचं आधण ठेवत असतं, पोरांना आंघोळ घालत असतं. तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो झाकणापाशी तसाच बसून राहिला होता. घरी जाऊन बायकोला, मायाला, सांगायला गेला आणि शब्द सापडेनात. ती म्हणाली, "पाण्याचा आवाज तो, त्यात काय?" तीसुद्धा बरोबरच म्हणाली. आत्ता या क्षणी खालच्या पाड्यावर शेवटचा नळ सूं करून थांबला असेल. पाड्यावरची चांगुणा आजी हंडा लावून बसली असेल. दर संपाला ती विचारायची, "संप हाय ना रं दादा? मग आमच्याकं पानी कसा येतं?" आणि तो म्हणायचा, "आजी, तू भर आणि गप बस."

"जाम है मॅडम," पिवळ्या जॅकेटवाला कपाळ पुसत म्हणाला. "दो राउंड फिरा, फिर अटक गया."

"जोर लावा. जुनं आहे ते."

"पाइप लगाना पडेगा."

टेम्पोतून चार हात लांबीचा गॅल्व्हनाइजचा पाइप आला. चावीच्या दांड्यात अडकवला, आणि दोघांचे चार झाले. संपाच्या बाजूने शिट्ट्या सुरू झाल्या. साईनाथने मोबाइल उंच धरला. "बघा मित्रांनो, यांना साधा व्हॉल्व उघडता येत नाही! तेहतीस-तेहतीस वर्षांचे अनुभवी कामगार इकडे रस्त्यावर बसलेत आणि तिकडे बघा काय चाललंय!" लोक हसले. नरेंद्रच्या शेजारचाही हसला आणि त्याने नरेंद्रला कोपराने ढोसलं, "काका, गंमत बघा." नरेंद्रला गंमत दिसत नव्हती, स्पिंडल दिसत होता. अंगठ्याहून थोडा जाड पितळी दांडा, बसलेल्या व्हॉल्ववर आणखी बंद करायला चार माणसांचा जोर. तो पिळून तुटणार. तुटला की व्हॉल्व बंद राहणार, आणि त्याचा सुटा भाग आता कुठे मिळत नाही. रस्ता खोदून अख्खा व्हॉल्व बदलावा लागेल. आणि संप चालू असताना रस्ता खोदणार कोण? आठ दिवस, दहा दिवस. दवाखाना आहे. चांगुणा आजी ऐंशीची आहे, पाड्यावरून बोअरिंगपर्यंतची चढण तिला चढवत नाही. एक शब्द बोलायचा होता. बोलला तर संपात असून साहेबाला मदत केली, हे एक. दुसरं त्याहून वाईट, उलटा आहे म्हटलं की हिशेब कुणीही करील. बंद व्हॉल्व दोन फेरे फिरला कसा?

पाइपवर चार माणसं वाकली. नरेंद्रला वाटलं की आपण अजून विचार करतोय, पण पाय निघाले होते. पोलिसाने काठी आडवी धरली, ती त्याने हाताने खाली केली, घरच्या दाराची कडी काढावी तशी. "थांबा! उलटा आहे तो!"

त्याचा आवाज तसा बारीक. पण चार दिवसांत या बाजूने त्या बाजूला गेलेला हा पहिला शब्द होता, म्हणून की काय, सगळे एकदम गप्प झाले. शिट्ट्या थांबल्या. पाइपवरच्या माणसांनी हात काढले. नरेंद्र खड्ड्याच्या काठावर उभा राहिला. "हा उलटा बसलाय, मॅडम. उजवीकडे उघडतो. तुम्ही बंद करताय. आणखी जोर लावलात तर स्पिंडल जाईल."

किर्ती मॅडमनी नकाशा उघडला, मिटला. त्यांच्या नाकावर घाम होता. हुशार बाई. त्यांच्या डोळ्यांत तो हिशेब झालेला नरेंद्रने पाहिला आणि मनात म्हटलं, नका म्हणू. पण त्यांना काय माहीत? त्या मोठ्याने म्हणाल्या, "पण मग आत्ता हा दोन फेरे फिरला तो... म्हणजे दोन फेरे उघडा होता?"

साईनाथ पुढे आला. मोबाइल अजून हातात, पण खाली झुकलेला, रस्त्यावरची खडी सगळ्या जगाला दिसत असेल. "काका? तुम्ही पाणी सोडत होतात?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. त्र्याण्णवपासून. दर संपाला."

"म्हणजे आम्ही इकडे नोकऱ्या पणाला लावल्या, आणि तुम्ही..." त्याला पुढचा शब्द सापडेना. मागून कुणालातरी सापडला, "गद्दार!" मग तो दोघांचौघांनी उचलला. नरेंद्रने बॅनरकडे पाहिलं. पंत चष्म्यातून भलतीकडेच बघत होते, फोटोग्राफरने सांगितलं होतं तिकडे. पंतांना ठाऊक होतं म्हणून सांगावं, असं ओठांवर आलं, पण सांगितलं असतं तर पंतांचाही फोटो उतरला असता. त्याने पाइप काढून बाजूला ठेवला, चावीचा दांडा दोन्ही हातांनी धरला, आणि उजवीकडे फिरवला. एक फेरा. दुसरा. चावीतून थरथर वर आली, आधी तळव्यांत, मग कोपरांत. तेहतीस वर्षं झाली तरी ती आली की त्याच्या अंगावर काटा यायचा, आजही आला. खाली अंधारात पाण्याने मान वळवली होती आणि ते उताराला लागलं होतं.

त्याने चावी सोडली.

"पूर्ण उघडा," किर्ती मॅडम म्हणाल्या.

"नाही मॅडम. मी संपावर आहे."

"बंद करा ते काका," साईनाथ म्हणाला. "आत्ताच्या आत्ता."

"नाही. बंद करणारा हात माझा नाही."

आता चावी मधे उभी होती आणि तिच्या दोन बाजूंना दोघं. उघडायची बाजू आता सगळ्यांना कळली होती. मॅडमना नुसतं बोट उजवीकडे करायचं होतं, चार माणसं तयार होती. साईनाथला नुसतं एक पाऊल पुढे टाकायचं होतं, शंभर माणसं तयार होती. पोलीस काठ्या सावरत होते. नरेंद्रने कुणाकडे न बघता वाकून दांड्याला कान लावला, सवयीने. वर बघतो तर मॅडमही वाकल्या होत्या. गळ्यातलं ओळखपत्र एका हाताने धरून त्यांनी दांड्याच्या दुसऱ्या टोकाला कान लावला. त्यांना काय ऐकू आलं देव जाणे. डोळे आधी बारीक झाले, मग मोठे झाले, आणि मग लहान मुलीसारखे नुसते उघडे राहिले. हळूच विचारलं, "कुठे जातंय हे?"

"दवाखान्यात. मग खालच्या पाड्यावर."

त्या ताठ झाल्या. पदर नव्हता तरी पदर सारखा केल्यासारखी ओढणी ओढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "व्हॉल्व नादुरुस्त आहे. उघडतही नाही, नीट बंदही होत नाही. झाकण लावा."

नरेंद्र त्यांच्याकडे बघत राहिला. या मुलीने टिपणीसांना पाहिलं नव्हतं. चार नंबर कॅम्पातल्या टपरीचं नावही तिला ठाऊक नव्हतं. कुणी शिकवलं तिला हे? पंतांना वाटायचं की ही न बोललेली समज आपल्याबरोबर जाणार, नरेंद्रलाही वाटायचं ती आपल्याबरोबर जाणार, आणि ती अशी सहा महिन्यांपूर्वी बदलून आलेल्या माणसाच्या तोंडून, ऐन उन्हात, भर रस्त्यात.

साईनाथ त्या वाक्याकडे बघत उभा होता. मोबाइलवर आकडा वाढत होता, लोक बघत होते, काहीतरी बोलणं भाग होतं. तो बोलला, पण आधी क्षणभर थांबला, आणि त्या क्षणात त्याने नरेंद्रकडे पाहिलं. मग मोबाइल स्वतःच्या चेहऱ्याकडे वळवला. "बघितलंत मित्रांनो! पोलीस आणले, टेम्पो आणला, व्हॉल्व उघडता आला नाही! झाकण लावून परत चाललेत! हा आपला विजय आहे!" गर्दीने एकच आरोळी ठोकली. चावी निघाली, झाकण दाणकन बसलं. पिवळ्या जॅकेटवाल्यांनी पाइप टेम्पोत टाकला.

आरोळी चालू असतानाच साईनाथने मोबाइल खिशात घातला आणि नरेंद्रच्या कानाशी आला. "काका, हे एवढंच. संघटनेत आता तुम्ही नाही. कार्ड द्या." नरेंद्रने सदऱ्याच्या खिशातून कार्ड काढलं. कडा झिजलेल्या, विष्णुपंतांची सही. साईनाथने ते न बघता घेतलं आणि तो बॅनरकडे गेला. शेजारी हसणारा, कोपराने ढोसणारा, आता तीन हात लांब उभा होता. नरेंद्रच्या भोवती आपोआप एक रिकामं रिंगण पडलं होतं आणि त्याच्या मधोमध ते झाकण होतं, तो झाकणावर उभा होता. चौदा महिने राहिले होते निवृत्तीला. ते आता असे जाणार, या रिंगणात. वाईट वाटलं. पार बरगड्यांपर्यंत वाईट वाटलं.

बॅनरखालून साईनाथने मूठ उंचावली. "कोण म्हणतं देणार नाही!"

आणि शंभर माणसांबरोबर, रिंगणातून, नरेंद्र तांबेची मूठ वर गेली. त्याने ती उचलली नव्हती, ती गेली. "घेतल्याशिवाय राहणार नाही!" साईनाथने वळून पाहिलं. नरेंद्र पुन्हा ओरडला, आणखी मोठ्याने, घसा फाटेस्तोवर. पायांखाली झाकण बारीक थरथरत होतं.